दंतसखीचं उष्टं

डॉ. प्रमिला ऐनापुरेंना किळस म्हणून कधी यायची नाही. मागवडीच्या पालिका दवाखान्यात त्यांची सारी हयात लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेली होती. मागवडी हे यंत्रमागांचं गाव. आईबाप पाळीवर आणि पोरं शेजारणीच्या भरवशावर. पोर रडलं की चहात बुडवलेलं बिस्कीट, फारच रडलं की साखरेत बुडवलेलं बोट. अशी पोरं तीन-चार वर्षांची झाली की गाल टम्म सुजवून त्यांच्याकडे यायची. तोंड उघडलं की आत दातांऐवजी काळे खुंट. पू निघायचा, वास सुटायचा, शिकाऊ डॉक्टर नाकाला रुमाल लावून मागे सरायचे. प्रमिलाताई त्या शिकाऊंना चार शब्द सुनावायच्या आणि कामाला लागायच्या.

त्यांना पहिल्यांदा मळमळलं ते एका लखलखीत, स्वच्छ फ्रिजसमोर, आणि तोही पोटच्या पोरीच्या घरातला. पण तिथवर जाण्याआधी दंतसखीबद्दल सांगायला हवं.

गोड खाल्ल्याने दात किडतात असं आपण म्हणतो. खरं तर गोड आपण खातो आणि दात किडवतात ते आपल्या तोंडातले जंतू. साखर खाऊन ते आम्ल टाकतात आणि ते आम्ल दाताचं कवच विरघळवतं. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या तोंडात हे जंतू नसतात. पहिले दात आले की बहुधा आईच्याच लाळेतून ते येतात आणि दातांवर ठाण मांडतात. अडीच वर्षांच्या सुमारास सगळी जागा भरते, मग नव्या जंतूला तिथे थारा मिळत नाही. शास्त्रज्ञांनी नेमकी हीच खोड कामाला लावली. त्यांनी तोच जंतू घेतला, आम्ल बनवणारं त्याचं जनुक काढून टाकलं आणि उलट लाळेतल्या युरियापासून आम्ल मारणारा क्षार बनवायला त्याला शिकवलं. हा शहाणा जंतू त्या उपद्व्यापी जंतूंच्या आधी तोंडात जाऊन बसला की जन्मभर दात राखतो. सरकारने त्याचं नाव ठेवलं दंतसखी.

प्रमिलाताई या योजनेच्या समितीवर होत्या. तिथे त्यांनी भांडून एक गोष्ट पदरात पाडून घेतली होती. दंतसखी आधी अंगणवाडीत जाईल, बाजारात नंतर. ज्यांच्या आईबापांना दातांचा डॉक्टर परवडत नाही त्यांची पोरं पहिली. रोजच्या खिरीत एक एक थेंब, बस. तीन वर्षांत दवाखान्यासमोरची सुजलेल्या गालांची रांग आटली. प्रमिलाताईंना दुपारी चक्क रिकामा वेळ मिळू लागला, आणि त्या वेळाचं काय करायचं ते त्यांना कळेना.

मग दंतसखी खाजगी दवाखान्यांत आली आणि तिथे ती रुजेचना. तोच थेंब, तीच मात्रा, वर निर्जंतुक चमचा आणि वातानुकूलित खोली. आठवड्याभरात तोंडातून पसार. कारण शोधायला प्रमिलाताई मागाच्या वस्तीतल्या अंगणवाडीत जाऊन बसल्या. सेविका होत्या आक्काताई कोळेकर. पोरं एका परातीभोवती गोल बसली होती आणि खिरीत हात घालत होती. एक चमचा होता, तो या तोंडातून त्या तोंडात फिरत होता.

“आक्काताई, योजनेत प्रत्येक मुलाला वेगळा चमचा आलाय ना? कुठायत ते?”

“कपाटात हाईत की.”

“कपाटात कशाला?”

“डेडस्टॉकचं हाय ते, बाई. तपासणीला सायेब आला तर दाखवाय नकोत? एखादा हरवला तर मी कुठनं भरून देऊ?” आक्काताईंनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडून दाखवलं. चमचे तीन वर्षं कागदात जसेच्या तसे होते.

प्रमिलाताईंना आधी हसू आलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. दंतसखी थेंबातून रुजतच नव्हती, ती उष्ट्यातून रुजत होती. बाटलीतून आलेला सुटा जंतू एखाद्याच पोराला लागायचा, बाकी लाळेबरोबर धुऊन जायचा. दुसऱ्या पोराच्या दातावर वाढलेला, लाळेत लपेटून रोज रोज येणारा जंतू मात्र चिकटायचा. प्रमिलाताईंनी तसा अहवाल दिला, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आणि बऱ्या घरांतून ‘ईऽऽ’ असा सूर निघाला. तो सूर फार दिवस टिकला नाही.

एका सकाळी आक्काताई एका चिमुरडीला कडेवर घेऊन दवाखान्यात आल्या. पोरीचं नाव शिवन्या, वय तीन. तिची आई रेश्मा ऋजुताकडे, म्हणजे प्रमिलाताईंच्या मुलीकडेच, धुण्याभांड्याला होती.

“हिला गार पाणी झोंबतंय, बाई. घास तोंडात घेतला की रडतीया. आई कामावर, म्हणून मीच आणली.”

प्रमिलाताईंनी शिवन्याच्या जिभेवर तपासणीची पट्टी ठेवली. पट्टी निळी झाली, म्हणजे दंतसखी जागच्या जागी होती. कीड कुठे नव्हतीच. पण पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ झाल्या होत्या आणि मागचा पिवळेपणा त्यांच्यातून दिसत होता. दात वरून विरघळत चालले होते. असं व्हायला तोंडात रोज बाहेरून आम्ल पडावं लागतं.

“काय खातेस गं तू, सोनू? चिंच? कैरी?”

“आंबट मिठू,” शिवन्या म्हणाली. “जिभेवर ठेवायचं. मग थू करायचं.”

“आणि ते कोण देतं?”

“मिहूची मम्मी.”

मिहू म्हणजे मिहिका. प्रमिलाताईंची नात. वय बावीस महिने.

दुपारचे रुग्ण कसेबसे उरकून त्या ऋजुताच्या घरी गेल्या. जावई सौमित्र नव्या पद्धतीच्या मागांच्या कारखान्याचा मालक. घर गावाबाहेरच्या उंच इमारतीत. ऋजुता बाळाला निजवत होती म्हणून त्यांनी पाणी घ्यायला स्वतःच फ्रिज उघडला. दह्याच्या भांड्याशेजारी बोटभर उंचीच्या काचेच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. आत काहीतरी पांढुरकं, तारा सुटणारं, वर फेस. प्रत्येकीवर गुलाबी चिठ्ठी होती. ‘मिहिका, सकाळ’. ‘मिहिका, संध्याकाळ’.

पू बघून न हललेल्या प्रमिलाताईंनी तोंडावर हात दाबला. त्यांनी फ्रिजचं दार लावलं आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

“अगं, तू पाहिलंस होय,” ऋजुता मागून आली. “मी सांगणारच होते. घाबरू नकोस, शास्त्रशुद्ध आहे सगळं. प्रयोगशाळेत गाळून येतं. दंतसखी तेवढी ठेवतात, बाकीचं काढतात. थोडी वेलची घालतात, म्हणजे मिहूला वास येत नाही.”

“ही लाळ आहे, ऋजुता. शिवन्याची लाळ आहे.”

“हो, मग? इमारतीत सगळ्यांनीच एकेक मूल धरलंय. तूच तर अहवालात लिहिलंस की लाळेतूनच रुजते.”

“एका परातीत जेवून रुजते असं लिहिलं होतं मी. रोज चार मुलांसोबत जेवून. आणि ती पोर एवढीशी. एवढी लाळ तिला सुटते कशी?”

ऋजुताने खांदे उडवले. “लिंबूसत्त्वाचा एक खडा देतो जिभेवर. चॉकलेटसारखं चघळते ती. खूश असते.”

प्रमिलाताईंनी तिला दातांच्या कडांबद्दल सांगितलं. ऋजुताचा चेहरा क्षणभर पडला, नाही असं नाही. मग ती म्हणाली, “बरं, मग दुसरं काहीतरी देऊ. पण आई, मिहूला अडीच वर्षं व्हायला आता थोडेच महिने राहिलेत. तिच्या वरच्या दातांवर पांढरे डाग आलेत, तूच दाखवलेस मला. आजी म्हणून तुला काहीच वाटत नाही?”

वाटत होतं. वाटत होतं म्हणूनच त्या इतका वेळ उभ्या होत्या.

“सोपा उपाय आहे,” त्या म्हणाल्या. “शिवन्या रोज इथे येतेच. दोघींना एका ताटात वरणभात दे. महिनाभर. बाटली नको, प्रयोगशाळा नको, खडा नको.”

“शी, आई!” ऋजुता खरोखरच शहारली. “ती कुठे कुठे बसते, काय काय तोंडात घालते. नाक वाहत असतं तिचं. तू डॉक्टर असून असं कसं बोलतेस?”

मागच्या बाल्कनीत, धुण्याच्या यंत्राजवळ, शिवन्याचं प्लॅस्टिकचं स्टूल होतं आणि तिच्यासाठी वेगळा ठेवलेला स्टीलचा पेला. पोरीची लाळ दह्याशेजारी चालत होती आणि पोरीचा पेला घराच्या पेल्यांत चालत नव्हता. प्रमिलाताईंना स्वतःच्या मुलीची इतकी घृणा वाटली की त्या झोपलेल्या मिहिकाला न बघताच जिना उतरल्या.

संध्याकाळी त्या रेश्माच्या खोलीवर गेल्या. मागांच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागत होतं. रेश्मा धाकट्या समर्थला मांडीवर घेऊन बसली होती. पोराला नुकतेच खालचे दोन दात आले होते आणि ते तो आईच्या बांगडीवर घासत होता.

“थुकीच हाय न्हवं, डॉक्टरबाई?” रेश्मा म्हणाली. “रगत तर काढत न्हाईत कुणी. आणि खरं सांगू का? इतकी वर्सं त्या घरात राबतोय, पर त्यांनी आमच्याकडनं काय तरी मागून घेतलं ते पयल्यांदाच. पोरगीबी ऐटीत सांगतीया, मी मिहूला औषध देती म्हणून.”

प्रमिलाताईंनी विजेरीचा उजेड पाडून तिला शिवन्याचे दात दाखवले. रेश्माने विजेरी जवळ ओढून पुन्हा बघितलं. मग तिने पोरीचं तोंड हळूच मिटलं.

“त्या खड्यानं झालं हे?”

“हो. दुधाचे दात आहेत, पडतील. पण त्याला अजून तीन-चार वर्षं आहेत. तोवर हिला खाता येणार नाही, दुखेल. उद्यापासून खडा बंद.”

“बंद करती. पर वैनी काम बंद करतील, त्याचं काय?” आवाजात राग नव्हता. ती फक्त विचारत होती.

उत्तर त्यांनी समितीत शोधलं. तिथे वेगळीच तयारी चालली होती. एका तरुण अधिकाऱ्याने ‘दाता बालक’ नावाचा प्रस्ताव मांडला: लाळ गोळा करणारच असतील लोक, तर ती अंगणवाडीतच, देखरेखीखाली करावी, मुलांना वर एक केळं द्यावं. पडद्यावर हसऱ्या बाळाचं आणि थेंबाचं चित्र होतं. प्रमिलाताई उठल्या. त्यांनी शिवन्याच्या दातांचा फोटो लावला आणि म्हणाल्या, “दुधासाठी म्हैस पाळतात तशी पोरं पाळायची असतील तर तसं स्पष्ट म्हणा. केळ्याऐवजी पेंड द्या.” सभेत कुजबुज झाली. पण फोटो पडद्यावरून काढायची कुणाची छाती झाली नाही.

दोन महिन्यांनी आदेश निघाला, आणि तो प्रमिलाताईंच्या मनासारखा होता. मुलांची लाळ गोळा करणं गुन्हा. अंगणवाडी सगळ्यांना खुली, रेशन कार्डाची अट नाही. ज्याला दंतसखी हवी त्याने आपलं मूल पंगतीला बसवावं. फक्त शेवटी एक ओळ कुणीतरी घुसवली होती: जागा अपुरी असल्यास अंगणवाडी खाजगी आवारात भरवता येईल. प्रमिलाताईंनी ती वाचली आणि सोडून दिली.

महिन्याभरात ऋजुताच्या इमारतीने तळमजल्याचा क्लब रिकामा करून तिथे अंगणवाडी सुरू केली. वस्तीतल्या मोठ्या पोरांना न्यायला गाडी जाऊ लागली, तान्ही मात्र तिथल्याच अंगणवाडीत मदतनीस बाईकडे राहिली. रेश्माचं कामही टिकलं. आक्काताई फोनवर सांगत होत्या, “बाई, काय थाट हाय हो! पोरांस्नी आंघोळ घालत्यात, नवी कापडं देत्यात, गादीवर बसवत्यात. या तरी एकदा बघाय.”

त्या गेल्या. काचेच्या भिंतीआड एक मोठी परात होती आणि तिच्याभोवती पोरं गोल बसली होती. मिहिका शिवन्याला चिकटून बसली होती. शिवन्याने स्वतःच्या तोंडातला मनुका काढून मिहिकाच्या तोंडात घातला आणि दोघी खिदळल्या. बाहेर ऋजुता उभी होती. तिने ओठ आवळून घेतले होते, पण ती आत धावली नाही. प्रमिलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मुलीचा हात धरला, आणि कित्येक महिन्यांनी ऋजुतानेही तो धरू दिला.

“जमेल म्हणतेस?” ऋजुताने विचारलं.

“जमेल,” त्या म्हणाल्या.

पण जमलं नाही. सहा आठवड्यांनी मिहिकाच्या जिभेवरची पट्टी कोरी निघाली. प्रमिलाताईंनी दुसरी लावली, तीही कोरी. पंगतीतल्या इमारतीच्या एकाही पोराची निळी नव्हती. त्यांनी शिवन्याला जवळ घेतलं, तिच्या जिभेवर पट्टी ठेवली आणि थांबल्या.

पट्टी पांढरी राहिली.

त्यांनी गाडीने येणाऱ्या वस्तीतल्या प्रत्येक पोराची तपासणी केली. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या. त्यांना कळेना. अंगणवाडीतून आलेली, इतके दिवस टिकलेली दंतसखी गेली कुठे?

“आक्काताई, इथे रोज काय काय करतात ते मला पहिल्यापासून सांगा.”

“सांगितलं की बाई. गाडीतनं उतरली की आंघोळ. मग कापडं. मग ती नर्सबाई औषधात बोळा बुडवून सगळ्यांची तोंडं आतनं पुसती. आमच्या पोरांची हो. यांच्या पोरांची न्हाई पुसत.”

नर्सबाईंनी जांभळ्या द्रवाची बाटली अभिमानाने आणून दाखवली. जंतुनाशक होतं, चांगल्यातलं. “सोसायटीने ठरावच केलाय, मॅडम. एकत्र जेवणार म्हटल्यावर एवढी काळजी घ्यायलाच हवी ना.”

दंतसखी घडवताना शास्त्रज्ञांनी तिला मुद्दाम नाजूक ठेवलं होतं. काही विपरीत झालं तर परत बोलावता यावी म्हणून. तोंडातल्या बाकीच्या जंतूंना त्या द्रवाने चक्कर येते, दंतसखी मरते. इमारतीतल्या लोकांना वस्तीतल्या पोरांच्या तोंडातलं एवढंच हवं होतं, आणि ते त्यांनी जेवणाआधी रोज सहा आठवडे बोळ्याने पुसून काढलं होतं. आता ती पोरं तीन वर्षांच्या पुढे गेली होती. जागा रिकामी झाली होती आणि दुसऱ्या जंतूंनी ती आधीच भरली होती. शिवन्याच्या तोंडात दंतसखी पुन्हा रुजणार नव्हती. वरचं कवच लिंबूसत्त्वाने नेलं होतं आणि आतला राखणदार या बाटलीने. सगळं पोरीचंच गेलं होतं.

प्रमिलाताईंनी ती बाटली उचलून घेतली. त्या लिफ्टने वर गेल्या आणि ऋजुताला सगळं सांगितलं.

ऋजुता सोफ्यावर बसली. हमसून हमसून रडली. “आम्हाला काय माहीत, आई? आम्ही चांगलंच करायला गेलो ना?” प्रमिलाताई समोर बसून होत्या. कितीही झालं तरी पोटची पोर, तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटत होता. हात उचलत नव्हता.

“आणि शिवन्याचं?” त्यांनी विचारलं.

“तिच्या दातांचं जे काय लागेल ते आम्ही करू. नक्की करू.” ऋजुताने डोळे पुसले, नाक पुसलं. मग तिचा रडका आवाज सावरला. “आई, एक विचारू? रेश्माचा धाकटा आहे ना, समर्थ. तो अजून वस्तीतल्याच अंगणवाडीत जातो. त्याचं तोंड कुणी पुसलेलं नाही. त्याच्यात दंतसखी आली असेल ना आता?”

प्रमिलाताईंनी तिच्याकडे पाहिलं. राग यायला हवा होता, आणि येतही होता. पण त्याच्या आधी, रागाला जागा मिळायच्या आतच, त्यांच्या मनात काहीतरी होऊन गेलं होतं. समर्थ वर्षाचा झाला. चार दात असतील. पट्टी निळी यायला हरकत नाही. मिहिकाला अडीच व्हायला अजून दोन महिने आहेत. तेवढ्यात बसेल.

त्यांनी स्वतःला हा हिशेब करताना ऐकलं. आवाज ऋजुताचा नव्हता, त्यांचाच होता, तीस वर्षांच्या सरावाचा, शांत, डॉक्टरी आवाज.

त्या धडपडत उठल्या, बेसिनपर्यंत पोचल्या आणि वाकल्या. सकाळचा चहा बाहेर आला, मग नुसतंच आंबट पाणी. ऋजुता धावत आली आणि पाठ चोळू लागली.

“नाही,” प्रमिलाताई नळाची धार तोंडावर घेत म्हणाल्या. “नाही. त्या पोराकडे बघायचंसुद्धा नाही.”

“बरं बाई, नाही बघत,” ऋजुता घाबरून म्हणाली. तिला वाटलं, आई तिलाच बजावते आहे.